उणे किमतीचं दुकान

या गोष्टीवर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवू नका. पाद्रीबुवांना सांगितली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून सांगणाऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. सुवा शहराच्या बाजारातल्या मासेवालीनं तर ऐकता ऐकता दिलेला मासा परत काढून घेतला. म्हणाली, इतकं खोटं बोलणाऱ्याला उधार नाही. पण बोट काही अजून दिसत नाही, यांगोनाच्या मुळांचं पेय भांड्यात गळ्याशी आहे, आणि या धक्क्यावरच्या शेडमध्ये डास मारण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. तेव्हा वाटी फिरू द्या आणि ऐका.

नासाऊवाई नावाचं गाव. त्या गावात उनाइसी नावाची बाई लग्न होऊन आली. मूळची ती दुसऱ्या बेटावरची. नवरा जोसाया दिलदार होता, पण समुद्रापुढे दिलदारी चालत नाही. एका वादळात तो गेला आणि मागे मूलबाळ नसलेली उनाइसी राहिली. महिना उलटला तसा तिचा भाऊ होडी घेऊन दारात हजर.

"चल, ताई," तो म्हणाला. "इथं आता तुझं कोण आहे?"

त्याचंही चूक नव्हतं. रीतच ती. पण तेवढ्यात मागच्या दारातून केलेरा आत आली. केलेरा म्हणजे जोसायाची बहीण, उनाइसीची नणंद, आणि गावच्या शाळेत आठवीला गणित शिकवणारी मास्तरीण. आमच्याकडे नणंद-भावजयांनी एकमेकींची टर उडवायची असते, जितकी जिव्हाळ्याची टर तितका मान मोठा. या दोघींचं तोंड सुरू झालं की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत.

"हिचं इथं कोण म्हणजे? मी आहे ना!" केलेरा उनाइसीच्या भावाला म्हणाली. "ही घोरपड तू घेऊन गेलास, तर मी दिवसभर शिव्या कुणाला देऊ? पोरांना दिल्या तर नोकरी जाईल."

"आणि खाणार काय ती?"

"दुकान काढेल."

भाऊ असा हसला की होडीतलं पाणी हललं. "नासाऊवाईत दुकान? बरं. चालेल तोवर राहू दे. बंद पडलं की मी येतो न्यायला."

हसण्यासारखंच होतं ते. नासाऊवाईत दुकानं डासांसारखी जन्मली आणि डासांसारखीच मेली. कारण एकच. कुणी तरी येणार, खांबाला टेकणार, हवापाण्याचं बोलणार आणि हळूच म्हणणार, "केरेकेरे, मावशी, एक साबण." नात्यातल्या माणसानं केरेकेरे म्हणून हात पुढे केला की नाही म्हणायचं नसतं, आणि गावात नात्याबाहेरचा फक्त एक कुत्रा होता. तोही पुढे सोयरा निघाला. एक दुकान वर्षभर टिकलं, एक महिनाभर. समीसोनीचं दुकान तर उद्घाटनाची प्रार्थना संपायच्या आत संपलं. 'आमेन' म्हणून लोकांनी डोळे उघडले, तेव्हा फळ्यासुद्धा गेल्या होत्या.

उनाइसीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच ती केलेराच्या ओसरीवर जाऊन बसली. केलेरानं कसाव्याचा केक पुढे ठेवला आणि हातात खडू घेतला.

"हे बघ, वहिनी. लोकांनी मागायच्या आधीच तू देऊन टाकायचं. सूट द्यायची. एकदा दिलं की पुन्हा मागायला तोंड उरत नाही. आता समज, साखरेच्या पुड्याची किंमत क्ष."

"क्ष कशाला? तीन डॉलर म्हण की."

"अगं दगडे, आज साखर, उद्या साबण, परवा रॉकेल. दर खेपेला नवी पाटी लिहू? क्ष म्हणजे ज्याची जी असेल ती किंमत."

"बरं, क्ष तर क्ष. तुझ्या नाकासारखं दिसतंय."

"गावचा माणूस आला, त्याला दहा टक्के सूट. क्ष वजा शून्य पूर्णांक एक क्ष. उरले शून्य पूर्णांक नऊ क्ष. शंभरातले नव्वद तुझे."

"आणि तो नात्यातला निघाला तर? निघणारच."

"त्याला आणखी वीस टक्के. पण कशाचे वीस?" केलेरानं सुरी उचलली आणि केकचा एक काप बाजूला केला. "अख्ख्या केकचे नव्हेत. हा जो उरलाय ना, त्याचे. नव्वदाचे ऐंशी टक्के म्हणजे बहात्तर. गावाबाहेर दिलेल्या बहिणीच्या मुलाला आणखी तीस टक्के, भाच्याचा मान तो. पुन्हा उरलेल्यातले. आणि वातूसेरेचे लोक आले, तर त्यांना आणखी पन्नास टक्के सूट. तीही उरलेल्यातलीच."

वातूसेरे म्हणजे समोरचं बेट. तिथले लोक आमचे ताउवू. त्यांचे आणि आमचे पूर्वज एक, त्यामुळे त्यांनी आमच्या घरात शिरून डुक्कर उचलून न्यावं आणि वर आम्हालाच चोर म्हणावं, असा त्यांचा हक्क. आमचाही त्यांच्यावर तोच.

उनाइसी त्या केककडे बघत राहिली. केलेरा कापत गेली आणि तुकडा बारीक होत गेला.

"हे तर मुंगीपुरतं राहिलं, वन्सं."

"मुंगीपुरतं का होईना, राहिलं ना? यातली खुबी हीच. गुणत गेलं की शून्य कधी होत नाही. कितीही नाती सांगत कुणी येऊ दे, ताटात काही तरी उरतंच."

उनाइसीला हिशोब येत होता. मोड तिची कधी चुकत नसे. पण आकड्यांच्या मधोमध अक्षर येऊन बसलं की तिला ते चर्चमध्ये शिरलेल्या बोकडासारखं वाटे. त्याच्याशी कसं वागावं तेच कळेना. म्हणून ती एवढंच म्हणाली, "तू लिहिलंस म्हणजे झालं."

केलेरानं लिहिलं. वर्गातला जुना फळा होता, त्यावर ठसठशीत अक्षरांत: ०.९ × ०.८ × ०.७ × ०.५ × क्ष. प्रत्येक आकड्याखाली ज्याचं त्याचं नाव. गावकरी, नातलग, भाचा, ताउवू. ज्याचं जे नातं, त्यानं तेवढेच आकडे घ्यायचे. मग गावप्रमुखापुढे यांगोना ठेवून पाटी सादर केली, सगळ्यांनी मान्यतेच्या ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या आणि पाटी नुसती उनाइसीची राहिली नाही. तिच्यावर जे लिहिलेलं असेल तो गावाचा शब्द झाला. असा दिलेला शब्द कुणाला मागे घेता येत नाही, गावप्रमुखालाही नाही.

आणि मंडळी, दुकान चाललं! शहरातून दोन डॉलरला आणलेल्या पुड्यावर उनाइसी तीन लिही. गावकरी नातलग आला की तो पुडा दोन डॉलर सोळा सेंटला जाई. सोळा सेंट तिचे. भाच्यांपायी खोट बसे, पण भाचे बहुतेक साखर कारखान्यावर कामाला होते. कुणी "केरेकेरे" म्हणायला तोंड उघडलंच, तर ती पाटीकडे बोट दाखवी. माणूस वाचायचा, ओठ हलवायचा, मनात गुणाकार करायचा आणि इतका थकायचा, की पैसे देऊन मोकळा व्हायचा. दोन वर्षांत गावातली म्हातारी माणसंसुद्धा दशांशात बोलायला लागली. एका आजोबांनी बायकोला सांगितलं, "मी तुझ्यावर शून्य पूर्णांक नऊ प्रेम करतो." तिनं उरलेल्या शून्य पूर्णांक एकसाठी त्यांना जेवण दिलं नाही.

भाऊ वर्षातून एकदा होडी घेऊन येई, दुकान उघडं बघे, कॉर्न्ड बीफचा एक डबा पूर्ण किमतीला विकत घेई आणि परत जाई. सूट त्यालाही होती, पण बहिणीच्या सासरी तो ती घेत नसे. उनाइसी त्या दिवशी गाणी म्हणत झाडलोट करी.

मग केलेराच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी वासेमाका, नवरा मुलगा वातूसेरेचा. ताउवूंशी सोयरीक! मुलाचा आजा ओसेआ हा अख्ख्या समुद्रातला सर्वांत फटकळ म्हातारा. बोलणीच्या बैठकीत तो म्हणाला होता, "मास्तरणीच्या घरातून काय येणार? खडू." सगळे हसले, केलेराही हसली. पण घरी परतल्यावर होडीतून उतरता उतरता ती जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं: "आम्ही असं देऊ, की त्यांच्या घराचे खांब वाकतील."

मास्तरणीच्या पगारात खांब वाकत नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी केलेरा ओलं फडकं घेऊन दुकानात आली. "वहिनी, पाटी पार पुसट झालीय. आज पाहुणे येणार. नव्यानं लिहिते."

"लिही ना. पण तुझं वजन त्या स्टुलाला झेपेल का?"

"तू धर खाली. तुझे हात तरी कशाला आहेत?"

उनाइसीनं स्टूल धरलं. खडू संपला तसा दुसरा काढून दिला. केलेरा लिहीत होती आणि या वेळी ओळ लांब झाली होती: क्ष − ०.१क्ष − ०.२क्ष − ०.३क्ष − ०.५क्ष.

"हे पहिल्यासारखं दिसत नाही गं."

"तेच आहे. उलगडून लिहिलंय. आठवीच्या पोरांना असंच शिकवते मी."

"छान दिसतंय पण. ओळीनं उभे राहिल्यासारखे सगळे क्ष."

केलेरा खाली उतरली, हात झटकले आणि वहिनीकडे न बघता निघून गेली. उनाइसीला वाटलं, लग्नघरची घाई. तिनं पाटीखाली जास्वंदाची माळसुद्धा लावली.

दुपारी वातूसेरेची माणसं उतरली. होड्या इतक्या, की समुद्र दिसेना. मासे किनाऱ्यावर येऊन जागा मागायला लागले. गावप्रमुखानं पाहुण्यांचं स्वागत केलं आणि रीतीप्रमाणे एकेक नातं जाहीर केलं. आज तुम्ही आमचे पाहुणे, म्हणजे गावकरीच. लग्न झालं, म्हणजे नातलग. तुमची पणजी आमच्या गावची, म्हणजे तुम्ही सगळे भाचे. आणि ताउवू तर जन्माचेच.

ओसेआ दुकानासमोर उभा राहिला. "ए विधवे, तुझ्या या खुराड्यात विकण्यासारखं काही आहे का?"

"तुमच्यासाठी दाढीचं पातं आहे, आजोबा. त्या जंगलातून कोण जाणे माणूसही निघेल."

लोक खिदळले. "मला तो कापडाचा तागा दे," ओसेआ म्हणाला. "किती?"

"शंभर डॉलर. पण तुमची सूट..." उनाइसी पाटीकडे वळली.

"थांब, मी सांगते," केलेरा पुढे आली. वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात तिनं सांगितलं, "शंभर वजा दहा, वजा वीस, वजा तीस, वजा पन्नास. उणे दहा."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे तागा न्या, आणि वर दुकानानं तुम्हाला दहा डॉलर द्यायचे."

क्षणभर लाटासुद्धा थांबल्या. मग ओसेआनं टोपी काढली. "अरे, असलं दुकान शोधण्यात माझं सगळं आयुष्य गेलं!"

पुढे जे झालं ते सांगितलं की मासेवाल्या मासे काढून घेतात. वातूसेरेच्या लोकांना दोनच मिनिटांत उमजलं, की वस्तू जितकी महाग तितकी दुकानाची देणगी मोठी. रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. "बाई, या चहाची किंमत वाढवा हो, जरा गरिबांकडे बघा!" "हा स्टोव्ह फारच स्वस्त लावलाय, मला परवडत नाही!" एका बाईनं काडेपेटी उचलली आणि तोंड वाकडं करून परत ठेवली, एवढ्याशा पैशांसाठी कोण ओझं वाहणार? दोन भाऊ तर चाळीस डॉलरच्या कंदिलाची किंमत साठ करून घेण्यासाठी उनाइसीशी घासाघीस करत होते, आणि ती कमी करून मागत होती.

तिनं केलेराला दंडाला धरून तांदळाच्या पोत्यांमागे नेलं.

"वन्सं, ताटात काही तरी उरतं म्हणाली होतीस."

"आत्ता नको, वहिनी. पाहुणे बघतायत."

"चूक झाली म्हण. गुणायचं होतं, वजा केलं, एवढंच म्हण. तू मास्तरीण आहेस, सगळे हसतील आणि सोडून देतील."

"माझी चूक? व्याह्यांसमोर?"

उनाइसीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तिला कळलं. चूक झालीच नव्हती. गणितात या बाईची चूक कधी होतच नव्हती.

"मागितलं असतंस तर दिलं असतं गं," उनाइसी म्हणाली. "केरेकेरे म्हणाली असतीस, तर अर्धं दुकान तुझ्या अंगणात आणून ठेवलं असतं मी."

"मागितलं असतं, तर ते तुझं देणं झालं असतं," केलेरा हळू म्हणाली. "माझं नसतं झालं."

आणि ती पोत्यांमागून बाहेर गेली, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "न्या! लाजू नका! ही आमच्या घराची भेट आहे!"

ओंजळीच्या टाळ्या कडाडल्या. खुद्द ओसेआनं मान लववली. म्हातारा म्हणाला, "मास्तरीणबाई, खडू म्हणालो होतो, शब्द मागे घेतो." वासेमाका आईकडे बघून रडत होती, कौतुकानं. उनाइसी मात्र गल्ल्याशी उभी राहून वस्तूंसोबत पैसे देत होती, कारण पाटीवर लिहिलं होतं आणि गावानं शब्द दिला होता. ती एकेकाला "सुखी राहा" म्हणत होती. हात नीट चालत होते, मोड चुकत नव्हती. फक्त मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, की स्टूल आपणच धरलं. केलेरा वर चढून आपला गळा कापत होती आणि आपण खालून म्हणत होतो, छान दिसतंय.

पैसे संपले तेव्हा लोकांनी उरलेल्या देण्यापोटी फळ्या नेल्या, मग तराजू, मग छपराचा पत्रा. संध्याकाळी त्या जागी एक फळा, एक जास्वंदाची माळ आणि एक बाई एवढंच होतं.

तुम्ही म्हणाल, संपलं. छे! असं संपतं का कुठं?

दुसऱ्या दिवशी पहाटे उनाइसीनं डोळे पुसले, रिकामी होडी पाण्यात लोटली आणि एकटी वल्हवत थेट वातूसेरेला गेली. तिथे ओसेआचं स्वतःचं दुकान आहे, हे तो म्हातारा विसरला होता. ताउवूपण दोन्ही बाजूंनी असतं आणि सोयरीकही. "काय हो, आजोबा," ती म्हणाली, "मी तुमची पाहुणी, तुमची व्याहीण, तुमची ताउवू. आणि माझी खापरपणजी तुमच्याच गावची. आता वजा करा बघू." ओसेआचा चेहरा भिजलेल्या बिस्किटासारखा झाला. बाईनं आधी होडीचं इंजिन घेतलं, वर पैसे घेतले. मग बर्फाचं कपाट. मग वीस पोती साखर. ओसेआ किमती कमी करत सुटला, ती वाढवून मागत होती. शेवटी तिनं विचारलं, "या बेटाची किंमत काय?" म्हातारा फुशारकीत बोलून गेला, "दहा लाख!" झालं. दहा लाखांचं बेट तिनं एक लाख वर घेऊन विकत घेतलं, नांगराचा दोर एका माडाला बांधला, नवं इंजिन सुरू केलं आणि बेट ओढत ओढत नासाऊवाईपर्यंत आणलं. म्हणून तर हल्ली ते पूर्वीपेक्षा जवळ दिसतं. विचारा कुणाही खलाशाला!

आणि मग ती केलेराच्या दारात गेली. कमरेवर हात ठेवून तिनं तिला अशा शिव्या घातल्या, की ओसरीवरची केळी पिकली. "गुणाकार विसरलेली म्हैस! वजाबाकीची अवदसा! तुझ्या क्षला कुत्रं खावो!" केलेरा हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, दोघी गळ्यात गळा घालून खाली बसल्या, आणि दुकान पुन्हा उभं राहिलं. आजही आहे. आजही रोज सकाळी उनाइसी तिला...

"खोटं."

पाण्याच्या बाजूच्या दारातून आवाज आला. चर्चला जायचा पांढरा पोशाख घातलेली, केस पिकलेली एक बाई बोचकं हातात धरून कधीची तिथे उभी होती.

"सगळं खोटं सांगताय, आजोबा. ती वातूसेरेला गेली नाही. मी गेले तिच्याकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हटलं, आता भांडं फेकून मारेल, झिंज्या धरेल. मारावं म्हणून तर गेले होते. तिनं फडक्यानं खुर्ची पुसली आणि 'बसा, बाई' म्हणाली. चहा दिला. मी पीत होते, तेव्हा लग्नाला आलेला तिचा भाऊ तिची पेटी होडीत ठेवत होता."